घरची बकरी आणि दवाखान्याचे बिल

आमच्या विणकर, बागवान, मणियार, खाटीक, लोहार अशा कष्टकरी बांधवांच्या वस्त्यांतून फिरले की दाराशी एक-दोन बकऱ्या बांधलेल्या हमखास दिसतात. घरातील स्त्रिया व मुले त्यांची देखभाल करतात. मुले त्यांना नावाने हाक मारतात, आपल्या हातची भाकरी भरवतात. बकरी घरात लाडकी असते आणि अडीअडचणीला तीच उपयोगी पडते. शाळेची फी, बाळंतपण, लूमचा मोडलेला भाग, एखाद्याचे थकलेले देणे, अशा वेळी एखादे करडू विकून गरज भागते. गरीब घराची ही बँकच म्हणा ना!

परंतु ही बँक एका रात्रीत बुडते. बकरी आजारी पडते, इलाजाचा खर्च परवडत नाही, आणि जो खर्च केला तोही बकरीसोबत जातो. "जनावराच्या डॉक्टरचे बिल माणसाच्या डॉक्टरपेक्षा जास्त," अशी तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. ही तक्रार खोटी नाही. पण बिल का वाढते आणि ते आपल्या हाताने किती कमी करता येते, याचा हिशेब मांडणारे बांधव फार थोडे आहेत. या लेखात आम्ही तोच हिशेब मांडत आहोत.

एका घराची गोष्ट

यंत्रमागाच्या एका वस्तीत आमच्या ओळखीच्या एका चाची राहतात. त्यांच्याकडे दोन बकऱ्या होत्या. मोहल्ल्यात लग्न झाले. दुसऱ्या दिवशी उरलेला भात व रोट्या टोपल्याभर घरी आल्या आणि बकऱ्यांपुढे ठेवल्या गेल्या. त्यातील गाभण बकरीने पोटभर खाल्ले. संध्याकाळी ती सुस्त झाली, रवंथ थांबला, डावी कूस फुगली. शेजाऱ्याच्या सल्ल्याने तोंड वर धरून तिला गोडेतेल पाजले. दुसऱ्या दिवशी सायकलवरून फिरणारे एक "डॉक्टर" आले, दोन इंजेक्शने व सलाईन देऊन गेले. औषध दुकानातून विचारून आणखी गोळ्या आणल्या. तिसऱ्या दिवशी नोंदणीकृत पशुवैद्यक आले. त्यांनी छातीला नळी लावली आणि सांगितले की पोट आंबले आहेच, शिवाय पाजलेले तेल फुप्फुसात उतरले आहे. चौथ्या दिवशी पहाटे बकरी गेली. पोटात दोन करडे होती.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांच्याकडे बसलो आणि विचारले, "चाची, बकऱ्यांचा हिशेब कुठे लिहिता?"

त्या म्हणाल्या, "भाई, बकरीचा कसला हिशेब? खरकट्यावर वाढते, आली की विकते."

मग तोंडी आठवून आम्ही कागदावर उतरवले. आदल्या वर्षी तीन करडे मिळून १४,००० रुपयांना विकली. चारा, पेंड, दावे, किरकोळ औषध यांना ५,००० गेले. म्हणजे वर्षाची कमाई ९,००० रुपये. आता आजाराचा खर्च पाहा. फिरत्या "डॉक्टर"ला ७०० रुपये, दुकानातील गोळ्यांना ३५०, पशुवैद्यकाच्या दोन फेऱ्यांना १,०००, त्यांनी लिहिलेली औषधे व सलाईन १,४५०. एकूण ३,५०० रुपये. गाभण बकरीची बाजारातील किंमत ८,००० रुपये. दोन्ही मिळून ११,५०० रुपयांचे नुकसान. वर्षभराची कमाई गेली आणि वर आणखी अडीच हजार.

त्याच घराच्या भिंतीला लूमची वही टांगलेली होती. किती सूत आले, किती कापड गेले, लूमला तेल कधी घातले, पट्टा कधी बदलला, सर्व तीत लिहिलेले. लूम बंद पडल्यावर तेल घालू, असे कोणताही कारागीर म्हणत नाही. बकरीच्या बाबतीत मात्र आपण सारे नेमके तेच करतो.

बिल वाढते कशाने?

पहिले कारण उशीर. सुस्त झालेल्या बकरीला पहिल्या चार-सहा तासांत योग्य इलाज मिळाला तर एका फेरीत काम होऊ शकते. तिसऱ्या दिवशी त्याच बकरीला सलाईन लागते, तीन-चार दिवसांची इंजेक्शने लागतात, फेऱ्या वाढतात आणि तरीही वाचण्याची खात्री राहत नाही.

दुसरे कारण दोनदा दिलेले पैसे. वरच्या हिशेबात खरा डॉक्टर येण्यापूर्वीच १,०५० रुपये खर्च झाले होते. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ सालचा आहे. त्यानुसार जनावरांवर इलाज करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे. पदविकाधारक कर्मचारी काही प्राथमिक कामे करू शकतो, तेही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. "आपली पदवी कोणती, नोंदणी क्रमांक काय?" असे अदबीने विचारण्यात संकोच वाटू देऊ नये. आपण माल घेतानाही पावती मागतोच की!

तिसरे कारण एकट्याने बोलावणे. डॉक्टर एका बकरीसाठी आला तरी त्याचे पेट्रोल व वेळ तितकाच जातो. लसीचेही असेच आहे. पीपीआरची लस एका बाटलीत ५० किंवा १०० मात्रांची येते. ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा पातळ केली की थोड्याच वेळात संपवावी लागते. दोन बकऱ्यांसाठी बाटली फोडली तर बाकीची फेकून द्यावी लागणार. म्हणून एकट्या घराला लस महाग पडते किंवा मिळतच नाही.

चौथे कारण शहर. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचे जाळे मुख्यतः खेड्यांतील पशुपालक डोळ्यांसमोर ठेवून उभे राहिले. शहरातील मोहल्ल्यातून ते दूर पडतात, म्हणून माणूस जवळच्या खाजगी डॉक्टरकडे वळतो. तरी सरकारी दवाखान्याची वेळ व पत्ता घरात लिहून ठेवावा, कारण तेथे शुल्क नाममात्र असते. जेथे शासनाचे फिरते पथक आहे तेथे १९६२ हा मोफत दूरध्वनी क्रमांक लावता येतो. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट हे जनावरांचे जुने रुग्णालय आहे. त्याच परिसरात १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथेही पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांच्या दवाखान्यांत मोठा इलाज खाजगीपेक्षा कमी खर्चात होतो. जवळपास राहणाऱ्या बांधवांनी याचा फायदा जरूर घ्यावा.

औषधांच्या किमतीचाही प्रश्न आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने "पशु औषधी" नावाने जनावरांची जेनेरिक औषधे सहकारी संस्था व किसान समृद्धी केंद्रांमार्फत देण्याची योजना मंजूर केली. आपल्या तालुक्यात असे केंद्र आहे का, याची चौकशी करावी. तसेच डॉक्टरांना विचारावे की, याच गुणाचे स्वस्त औषध चालेल का? चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

स्वस्तात पडणारी पाच कामे

१) खाणे अचानक बदलू नये. बकरीचे पोट पाला व चारा पचविण्यासाठी बनले आहे. भात, रोटी, गहू, ज्वारी किंवा पीठ एकदम जास्त पोटात गेले की आतील अन्न आंबते, आम्ल तयार होते आणि एक-दोन दिवसांत जनावर मरू शकते. लग्नाचे उरलेले अन्न बकरीपुढे टोपलीभर ठेवणे म्हणजे तिला विष देण्यासारखे आहे. दाणा वाढवायचा असेल तर मुठी-मुठीने आठ-दहा दिवसांत वाढवावा. बकरी ईदच्या दिवसांत तर हे फारच लक्षात ठेवावे. मुले प्रेमाने दिवसभर चारत राहतात आणि कुर्बानीचे जनावर ईदच्या आधीच आजारी पडते.

२) लसी वेळेवर द्याव्यात. पीपीआर हा बकऱ्यांचा मोठा शत्रू. भारतात हा रोग १९८७ साली प्रथम आढळला. ताप, नाका-डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, जुलाब व शेवटी न्यूमोनिया अशी याची लक्षणे आहेत. या विषाणूला मारणारे औषध नाही, परंतु एका लसीने सुमारे तीन वर्षे संरक्षण मिळते. दुसरा रोग आंत्रविषार. यात चांगले खाल्लेले, धष्टपुष्ट जनावरच अचानक मरते. याची लस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी द्यावी. पहिल्यांदा देताना दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते. लाळ-खुरकूताची लस २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत दिली जाते. पथक गावात आले की बकऱ्या लपवून ठेवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांनी आपलेच नुकसान केले.

३) जंताचे औषध वजन पाहून द्यावे. पावसाळ्याच्या आधी व नंतर लेंड्या तपासून औषध दिले तर उत्तम. अंदाजाने कमी मात्रा दिली किंवा वर्षानुवर्षे एकच औषध दिले की जंत त्याला दाद देत नाहीत. गाभण बकरीला, विशेषतः पहिल्या महिन्यात, काही जंतनाशके चालत नाहीत. म्हणून विचारूनच द्यावे.

४) तोंड वर धरून काहीही पाजू नये. तेल, काढा, सोड्याचे पाणी घाईने ओतले की ते श्वासनलिकेत जाते व न्यूमोनिया होतो. मूळ आजार साधा असतो आणि घरच्या इलाजाने दुसरा, त्याहून महाग आजार जडतो. काही पाजायचेच असेल तर कसे पाजावे हे डॉक्टरकडून एकदा प्रत्यक्ष पाहून घ्यावे.

५) प्लास्टिक व नवे जनावर, दोन्हींपासून जपावे. शहरातील मोकळ्या बकऱ्या पिशव्या खातात. त्या पोटात साचतात व शेवटी पोट फाडून शस्त्रक्रिया करण्याची वेळ येते. हा सर्वांत मोठ्या बिलांपैकी एक. तसेच बाजारातून आणलेले जनावर घरच्या जनावरांत लगेच मिसळू नये. दोन-तीन आठवडे वेगळे बांधावे, त्याचे पाण्याचे भांडेही वेगळे ठेवावे. बाजारातून बकरीसोबत रोगही घरी येतो.

याशिवाय एक साधा तापमापक घरात ठेवावा. तो गुदद्वारात लावून ताप पाहतात, आणि तो माणसांसाठी वापरू नये. बकरीचा नेहमीचा ताप १०२ ते १०३ अंश फॅरनहाइटच्या आसपास असतो. १०४ च्या वर गेला, रवंथ थांबला, कळपातून बाजूला उभी राहू लागली, लेंड्या पातळ झाल्या, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. डॉक्टरला दूरध्वनीवर ताप किती व कधीपासून एवढे नेमके सांगितले तरी त्याचे निम्मे काम होते. बकरी गाभडली तर पडलेले गर्भ व वार उघड्या हाताने उचलू नये, कारण काही रोग माणसालाही होतात. मग माणसाच्या दवाखान्याचेही बिल भरावे लागते.

मोहल्ल्याचा एक दिवस

आता मुख्य गोष्ट. एकट्याला महाग पडणारी वस्तू व्यापारी एकत्र खरेदी करून स्वस्त करतात. सूत, चामडे, लोखंड आपण असेच आणतो. डॉक्टरही असाच "आणावा".

समजा एका गल्लीत बारा घरे मिळून ४० बकऱ्या आहेत. सर्वांनी ठरवून मे महिन्यात एक दिवस व पावसाळा संपल्यावर एक दिवस नेमला. त्या दिवशी नोंदणीकृत पशुवैद्यकाला बोलावले. त्यांची व मदतनिसाची फी १,५०० रुपये, लस, बर्फ व सुया यांना १,१००, जंताच्या औषधाला १,०००, असा एकूण ३,६०० रुपये खर्च धरू. ४० बकऱ्यांवर वाटला तर प्रत्येकी ९० रुपये. वर्षाचे दोन दिवस म्हणजे १८० रुपये. दोन बकऱ्या असणाऱ्या घराला वर्षाला ३६० रुपये. हे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. प्रत्येक गावी ते कमी-जास्त होतील, आणि सरकारी मोहिमेची लस मिळाली तर खर्च आणखी उतरेल. पण चाचींच्या ११,५०० रुपयांशेजारी हे ३६० रुपये ठेवून पाहा.

असा दिवस नेमण्याचा आणखी एक फायदा आहे. डॉक्टर सर्व जनावरे वर्षातून दोनदा पाहतो, त्याला घरे माहीत होतात. मग अडचणीच्या रात्री दूरध्वनी केला तर तो अनोळखी गिऱ्हाईक म्हणून बोलत नाही.

भिशी आणि विमा

टोचण करूनही आजार येणार. त्यासाठी प्रत्येक बकरीमागे महिन्याला २० रुपये सामायिक निधीत टाकावेत. ४० बकऱ्यांचे महिन्याला ८०० व वर्षाला ९,६०० रुपये जमतात. आमच्या स्त्रिया भांड्यांची व दागिन्यांची भिशी चोख चालवतात, हीसुद्धा चालवतील. नियम मात्र लेखी हवेत. ज्याने लस टोचून घेतली त्यालाच मदत, नोंदणीकृत डॉक्टरची पावती असेल तरच मदत, आणि एका आजाराला ठराविक रकमेपर्यंतच मदत. हे तीन नियम पाळले तर निधी बुडत नाही.

सरकारी पशुधन विमा योजनाही आहे. २०२४ मध्ये केंद्र सरकारने तिच्यात लाभार्थ्याचा हप्त्यातील हिस्सा १५ टक्क्यांवर आणला. जनावराच्या कानात बिल्ला व डॉक्टरचा आरोग्य दाखला लागतो. जनावर मेले तर लगेच कळवावे लागते व शवविच्छेदन करून घ्यावे लागते. बिल्ला हरवला असेल तर दावा नाकारला जातो, हे ध्यानात ठेवावे. विमा जनावराच्या मृत्यूचा असतो, इलाजाचे बिल त्यातून मिळेल असे समजू नये. ज्यांना विम्याबाबत शरई शंका असेल त्यांनी जाणकार उलेमांना विचारावे. सामायिक निधीचा मार्ग तर सर्वांनाच मोकळा आहे.

आजारी जनावर "काढून टाकणे"

शेवटी एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. इलाजाचे पैसे अंगावर येऊ लागले की काही लोक आजारी बकरी घाईने बाजारात नेतात किंवा खाटकाला देतात. "निदान पैसे तरी सुटतील," असा विचार असतो. परंतु त्या जनावराच्या अंगात इंजेक्शनचे औषध असते. कोणते औषध दिल्यावर किती दिवस दूध व मांस वापरू नये, याची मुदत ठरलेली असते. ती डॉक्टरला विचारून लिहून ठेवणे मालकाचे काम आहे. ही मुदत न पाळता विकलेले मांस कोणाच्या तरी मुलांच्या ताटात जाते. आणि आजार लपवून विकलेली बकरी घेणाऱ्याच्या सर्व कळपात रोग पसरवते. मालातील ऐब गिऱ्हाइकापासून लपवणे जायज नाही, हे आमच्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. कापडाच्या डागाला जो नियम, तोच बकरीच्या तापाला.

दाराशी बांधलेले जनावर स्वतः चारा शोधू शकत नाही, दुखणे सांगू शकत नाही. मांजरीला बांधून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. जनावर पाळले म्हणजे त्याच्या चाऱ्याबरोबर त्याच्या इलाजाची जबाबदारीही आपण घेतली. ती झेपत नसेल तर चारऐवजी दोनच पाळावीत, पण नीट पाळावीत.

वहीचे एक पान

आमची वाचकांना विनंती एवढीच की, आज रात्री लूमच्या किंवा दुकानाच्या वहीचे शेवटचे पान बकरीसाठी राखून ठेवा. त्यावर सहा गोष्टी लिहा: बकरी कधी व कितीला घेतली, लस कोणती व कोणत्या तारखेला दिली, जंताचे औषध कधी दिले, कधी फळली, आजारावर किती खर्च झाला, आणि करडू कितीला गेले. बकरी साधारण पाच महिन्यांनी विते, म्हणून फळल्याची तारीख लिहिली की विण्याची तयारीही वेळेवर होते. एका वर्षाने बेरीज करा. कोणती बकरी घर चालवते आणि कोणती घर खाते, ते पान स्वतः सांगेल.

चाचींनी आता दुसरी बकरी राखली आहे. त्यांची नात चौथीत शिकते, पान तीच लिहिते. गेल्या मे महिन्यात त्यांच्या गल्लीत नऊ घरांनी मिळून डॉक्टर बोलावला. उरलेल्या तीन घरांनी, "पाहू पुढच्या वेळी," म्हटले. आमचे त्या तीन घरांना सांगणे आहे की, पुढची वेळ येण्याआधी चाचींच्या वहीचे ते पहिले पान एकदा वाचून पाहावे.